बिनक्लचचा ट्रॅक्टर

आई सगळ्यांच्या आधी तयार होऊन व्हरांड्यातल्या खुर्चीत बसली होती. वॉकर समोर उभा, पर्स मांडीवर, आणि चेहरा असा की आता कुणी घरी थांबायला सांगून तर बघावं.

दादाने सांगून बघितलं. दोन तासांचा रस्ता आहे, खड्डे आहेत, डॉक्टरांनी खुब्याला धक्के नकोत म्हणून बजावलंय, आणि ट्रॅक्टर काय, फोटोतही बघता येतो. आईने सगळं ऐकून घेतलं आणि धाकट्या मुलाला, बापूला, म्हणाली, "व्हॅनची पुढची सीट मागे सरकव. माझा पाय दुमडत नाही."

बापूने सीट सरकवली. विषय संपला.

गेल्या वर्षीच्या पडण्यानंतर आई फारसं काही मागत नव्हती, त्यामुळे एखादी गोष्ट मागितली की घरात तिला नाही म्हणायची कुणाची छाती होत नसे. दादाची तर मुळीच नाही. निवृत्त होऊन त्याला चारच महिने झाले होते. बत्तीस वर्षं पुलांची तपासणी करण्यात गेली; आज या नदीवर, उद्या त्या खिंडीत, आणि घरी महिन्यातून दोन रविवार. आता कायमचा घरी आल्यावर त्याला कळत होतं की हे घर त्याच्याशिवाय चालायला कधीच शिकून गेलंय. चहाची वेळ ठरलेली होती, औषधाची वेळ ठरलेली होती, आणि कुठल्या खुर्चीत कोण बसतं हेही ठरलेलं होतं. त्याची खुर्ची त्यात नव्हती. म्हणूनच नवा ट्रॅक्टर घ्यायचं काम त्याने हौसेने अंगावर घेतलं. निदान एक गोष्ट तरी आपण नीट पार पाडू, असं त्याच्या मनात होतं.

काम आवश्यकच होतं. वडील जनावरांचे डॉक्टर होते. आजारी घोड्या-गाईंना हिंडायला-चरायला जागा हवी म्हणून त्यांनी घराभोवतीची आठ एकर जमीन घेतली. पुढे वडील गेले, जनावरं यायची थांबली, आणि गवत तेवढं राहिलं. उन्हाळ्याच्या तोंडावर ते वाळून कडकडीत व्हायचं. एका वर्षी रस्त्याने जाणाऱ्या कुणीतरी फेकलेल्या सिगारेटने शेजारचं कुरण पेटलं आणि आग कुंपणापर्यंत आली. तेव्हापासून गवत कापणं ही त्या घराची हौस राहिली नाही, गरज झाली. वडिलांच्या मागे आईने जुना ट्रॅक्टर चालवायला घेतला आणि जवळजवळ तीस वर्षं चालवला. गेल्या वर्षी पहिली कापणी चालू असताना उतरताना तिचा पाय घसरला, ती पडली, खुब्याचं हाड मोडलं. दादाला फोनवर असंच सांगण्यात आलं होतं.

व्हॅनमध्ये पुढे बापू आणि आई, मागे दादा, ताई आणि वहिनी. वहिनी म्हणजे दादाची बायको. घरातले सगळेच तिला वहिनी म्हणत, कधी कधी सासूसुद्धा. ती पोस्टाच्या काउंटरवर होती आणि आज रजा टाकून आली होती. रजा कशाला, असं दादाने सकाळी विचारलं होतं. "मलाही बघायचाय," एवढंच ती म्हणाली होती.

ताई आदल्या दिवशी तिच्या गावाहून आली होती. ती शाळेची मुख्याध्यापिका, त्यामुळे समोर चार माणसं दिसली की तिला ती रांगेत उभी करावीशी वाटत. तिचं मत तिने गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत मांडलं. ट्रॅक्टर कशाला हवाय मुळात? कंत्राटी माणसं मिळतात, वर्षातून दोनदा येतील, कापून जातील. घरात आता चालवणारं आहे कोण? आईचं हे असं, दादाने आयुष्यात कधी ट्रॅक्टर चालवलेला नाही, बापूला डेपोतून सवड नाही. दादाला तिचं म्हणणं बरंचसं पटत होतं, पण कंत्राटी माणसं नेमकी वेळेवर येत नाहीत हाही अनुभव होता. म्हणून त्याने मधला मार्ग काढला होता: ट्रॅक्टर घरचा, माणूस रोजंदारीचा. ताई म्हणाली, "तेही चालेल." तिथवर दोघं भाऊबहीण एका बाजूला होते.

बापू काहीच बोलला नाही. तो बसडेपोत मेकॅनिक होता आणि गाडी चालवताना इंजिनाखेरीज कुणाचं ऐकत नसे, असं ताई म्हणायची. पण आज त्याचं गप्प बसणं वेगळं होतं. मधूनमधून तो आरशात बघत होता, आणि आरशात वहिनी दिसत होती. दादाने ते पाहिलं आणि त्याचा अर्थ त्याला लागला नाही.

विक्रेत्याचं आवार मोठं होतं. पत्र्याच्या उंच शेडखाली ट्रॅक्टर ओळीने उभे, पुढची तोंडं सगळी रस्त्याकडे. तेलाचा आणि नव्या रबराचा वास. सेल्समन चाळिशीचा, पोट सुटलेला, पण भला माणूस होता. आईला बघताच त्याने आतून गादीची खुर्ची आणवली. दादाने खिशातून वही काढली. त्याने पंधरा दिवस अभ्यास केला होता: अश्वशक्ती, वजन, टायरांची रुंदी, सुटे भाग किती अंतरावर मिळतात. वहीत उभे-आडवे रकाने पाडून दोन ट्रॅक्टर त्याने समोरासमोर मांडले होते.

पहिला गिअरचा. दणकट, जड, मोठ्या चाकांचा. दादाच्या मनात हाच होता. आपलं जुनं मागचं कापणीयंत्र याला जसंच्या तसं जोडता येतं. गवत गुडघ्याएवढं वाढलं तरी त्याला पर्वा नाही. शिवाय असे ट्रॅक्टर गावोगाव आहेत, कुणीही दुरुस्त करतो, रोजंदारीचा कुठलाही माणूस चालवू शकतो.

दुसरा छोटा. बघताना खेळण्यातला वाटावा इतका. त्याचं कापणारं पातं मागे नव्हतं, पोटाखाली होतं, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे. गिअर नाही, क्लच नाही. उजव्या पायाखाली दोन पेडल, एक दाबलं की पुढे, दुसरं दाबलं की मागे. पातं चालू-बंद करायला हाताशी बटण. टायर रुंद आणि सपाट, ओल्या जमिनीवर चाकोऱ्या पडू नयेत म्हणून.

"हा बंगल्याच्या हिरवळीसाठी आहे," दादा म्हणाला.

बापू तोवर छोट्या ट्रॅक्टरखाली अर्धा शिरला होता. हात पुसत बाहेर आला आणि त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आपल्याला नांगरायचं नाही, ओढायचं नाही, फक्त गवत कापायचंय. आपल्या जमिनीचा खालचा भाग ओढ्याकडे उतरतो आणि तिथे ओल असते. जड ट्रॅक्टर तिथे रुततो आणि हलका तरंगून जातो. पातं दोन्हींचं पाच फुटीच आहे, म्हणजे आठ एकराला वळणं धरून सहा तास, यात काही फरक पडत नाही. फरक पडतो तो चालवणाऱ्याला. झाडाभोवती फिरायचं, मागे घ्यायचं, पुढे जायचं, हे दिवसातून दोनशे वेळा करावं लागतं. गिअरच्या ट्रॅक्टरवर दोनशे वेळा क्लच दाबायचा.

सेल्समनने मान डोलावली. पण तो प्रामाणिक होता. त्याने हेही सांगितलं की पोटाखालचं पातं उंच वाढलेल्या गवताला नाही. गुडघ्याएवढं गवत त्यात घातलं तर गोळा होऊन अडकतं. एकदा मोठ्या यंत्राने कापून घ्यायचं, आणि मग दर तीन आठवड्यांनी फिरवत राहायचं.

दादाला हवा तो मुद्दा मिळाला. त्याने वही मिटली.

"दर तीन आठवड्यांनी," तो म्हणाला. "बरोबर? वर्षातून दोनदा नाही. दर तीन आठवड्यांनी सहा-सहा तास. कोण कापणार आहे?"

हा प्रश्न त्याने उत्तरासाठी विचारलाच नव्हता. ताईने त्याच्याकडे बघून मान हलवली, म्हणजे झालं आता, निघा. सेल्समन गिअरच्या ट्रॅक्टरकडे वळला.

"मी," वहिनी म्हणाली.

दादाला आधी वाटलं तिने दुसऱ्याच कशाला तरी उत्तर दिलं. ती छोट्या ट्रॅक्टरच्या पलीकडे उभी होती, हात मागच्या चाकावर ठेवलेला. पोस्टात चुकीचा पत्ता लिहिलेलं पाकीट परत करताना तिचा आवाज असतो तसाच आत्ताही होता, शांत आणि पक्का.

"तुला येतं?" ताईने विचारलं.

"आईंनी शिकवलं. तीन वर्षं झाली."

दादाने आईकडे बघितलं. आई गादीच्या खुर्चीत बसून समोरच्या टायरावरच्या नक्षीकडे बघत होती.

तो हसायला लागला होता, पण हसू अर्ध्यात राहिलं. तीन वर्षं. महिन्यातले दोन रविवार तो घरी यायचा, जेवायचा, वर्तमानपत्र वाचायचा, आणि जायचा. त्याच्या बायकोला ट्रॅक्टर येतो हे त्याला एका परक्या माणसाच्या शेडमध्ये कळत होतं. तरी त्याने स्वतःला सावरलं. चांगलंच आहे, तो म्हणाला, येत असेल तर उत्तमच. पण मग तर गिअरचाच घेऊ. तुला जुन्याची सवय आहे, हाही तसाच आहे, फक्त नवा. क्लच हलका असेल.

"क्लच नको," बापू म्हणाला.

"का पण? काय एवढं क्लचचं?"

बापूने आईकडे बघितलं. वहिनीनेही बघितलं. दोघांनी एकाच वेळी बघितलं, आणि तेवढ्यात दादाला कळून चुकलं की इथे काहीतरी आहे जे या तिघांना माहीत आहे आणि त्याला नाही. बत्तीस वर्षांत असे चेहरे त्याने पुष्कळ पाहिले होते. पुलाखाली उतरून विचारावं की हा तडा कधीचा, आणि मुकादमाने इंजिनियरकडे बघावं, इंजिनियरने नदीकडे.

"सांगा की," तो म्हणाला.

आई म्हणाली, "घरी गेल्यावर बोलू."

"नाही आई," वहिनी म्हणाली. सासूला नाही म्हणताना दादाने तिला कधी ऐकलं नव्हतं. "घरी गेल्यावर ट्रॅक्टर बदलता येणार नाही."

आणि मग तिने सांगितलं. तिथेच, ट्रॅक्टरच्या चाकावरचा हात न उचलता. आई उतरताना घसरल्या नव्हत्या. जुन्या ट्रॅक्टरचा क्लच आईंच्या गुडघ्याला कधीपासून झेपत नव्हता. बसून दाबता येत नसे, म्हणून त्या सीटवरून उठायच्या आणि दोन्ही पाय क्लचवर ठेवून, स्टेअरिंगला धरून, सगळं अंगाचं वजन त्यावर टाकायच्या. प्रत्येक वळणाला. त्या दिवशी उतारावर तशाच उभ्या राहिल्या आणि डावा गुडघा गेला. क्लच सुटला, ट्रॅक्टरने हिसका दिला, आणि त्या बाजूला फेकल्या गेल्या. ट्रॅक्टर पुढे जाऊन बांधाला अडला आणि बंद पडला, म्हणून एवढ्यावर निभावलं. मागे कापणीयंत्र चालू होतं.

शेडच्या पत्र्यावर कबुतरं फिरत होती, त्यांच्या नखांचा आवाज येत होता. सेल्समन हळूच ऑफिसात गेला आणि त्याने दार लोटून घेतलं.

"मला घसरली म्हणून सांगितलंत," दादा म्हणाला.

"आईंनी बजावलं होतं. तुमच्या कानावर जाऊ द्यायचं नाही म्हणून."

"आणि उरलेलं गवत? मी आलो तेव्हा सगळं कापलेलं होतं. मला वाटलं बापूने..."

"मी हॉस्पिटलात होतो दादा, आईपाशी," बापू म्हणाला.

"मी कापलं," वहिनी म्हणाली. "पाच एकर राहिलं होतं. वारा सुटला होता आणि गवत वाळलं होतं, थांबून चालण्यासारखं नव्हतं. त्याच ट्रॅक्टरवर. मीही तशीच उभी राहत होते."

दादा शेडमधून बाहेर पडला. शेडमागे मोडीत काढलेल्या यंत्रांची रांग होती. गंजलेली पाती, फुटलेल्या सीटा, चाकं नसलेले सांगाडे. तो एका सांगाड्यापाशी उभा राहिला. त्याला कशाचाही विचार करायचा नव्हता, पण आठवायचं ते आठवत होतं. आईने नवा, हलका ट्रॅक्टर मागितला होता. सहा वर्षांपूर्वी. कारण सांगितलं होतं: गुडघा. त्याने जुना ट्रॅक्टर फिरून पाहिला होता, इंजिनाचा आवाज ऐकला होता, आणि अजून दहा वर्षं मरण नाही त्याला, तरी बघू, असं म्हणाला होता. ट्रॅक्टरबद्दल तो बरोबर होता. तो अजूनही चालत होता.

मागून बापू आला. सिगारेट पेटवावी की नाही असा क्षणभर घोळ घालून त्याने ती खिशात परत ठेवली.

"तुझ्यावर रागावून नव्हतं लपवलं," तो म्हणाला. "उलट होतं. आई म्हणाली, त्याला कळलं तर तो स्वतःला खात बसेल, आणि पुलांवर चढताना माणसाचं लक्ष थाऱ्यावर पाहिजे."

"तू तरी सांगायचंस."

"हो." बापू जमिनीकडे बघत राहिला. "तो क्लच मी दोनदा ढिला करून दिला होता. तिसऱ्यांदा होण्यासारखा नव्हता. ट्रॅक्टर चालवू नको म्हणून मी तिला सांगायला हवं होतं, चावी काढून न्यायला हवी होती. माझ्याच्याने झालं नाही. ती खुशीत असायची रे वर बसली की."

ताईही आली होती. तिचे डोळे लाल झाले होते, पण आवाज मुख्याध्यापिकेचाच होता, फक्त आज ती स्वतःलाच उभं करून बोलत होती. आईने तिलाही फोनवर म्हटलं होतं म्हणे, दादाला जरा आठवण कर ट्रॅक्टरची. "मी म्हटलं, आई, त्याच्या बदलीचं चाललंय, आत्ता त्याच्या मागे लागू नकोस. मला वाटलं, मी समजूतदारपणा करतेय."

तिघं भावंडं त्या भंगारापाशी उभी राहिली. लहानपणी काही फुटलं की तिघं अशीच परसात उभी राहायची आणि दोष कुणी घ्यायचा हे ठरायचं. तेव्हा नेहमी कुणीतरी नाकारायचं. आज प्रत्येकजण आपला वाटा पुढे करत होता आणि त्याने कुणाचाच वाटा कमी होत नव्हता.

ते परत आले तेव्हा सेल्समनने छोटा ट्रॅक्टर बाहेर उन्हात काढला होता आणि वहिनी त्यावर बसून आवारात फेऱ्या मारत होती. झाडाच्या कुंडीभोवती तिने एक गोल घेतला, मागे आली, पुन्हा पुढे गेली. तिचा डावा पाय नुसता पाटावर ठेवावा तसा निवांत ठेवलेला होता. दादा बघत राहिला. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, आणि तिला एखादं काम इतकं सहज करताना आपण कधी निरखलंच नाही, असं त्याला वाटलं.

सेल्समन आईपाशी उभा होता. त्याला काय बोलावं ते सुचत नसावं, म्हणून तो नेहमीचं बोलला. "बघा आजी, पायरी किती खाली आहे. घरातल्या पायरीएवढी. म्हातारं माणूससुद्धा चढतं. आमच्याकडून एका पंच्याऐंशी वर्षांच्या बाईंनी नेलाय."

आईने पायरीकडे पाहिलं. मग वॉकर धरून उठली, चार पावलं टाकत ट्रॅक्टरपाशी गेली आणि तिने पायरीवर हात ठेवला. पाय नाही, हात. जुन्या ट्रॅक्टरची पायरी तिच्या मांडीएवढी उंच होती. ही तिच्या नडगीच्याही खाली होती.

"बसून बघतेस का?" दादाने विचारलं. "आम्ही धरतो दोन्हीकडून."

"नको," आई म्हणाली. "आता नको." आणि सेल्समनला म्हणाली, "हाच द्या. सीट जरा पुढे घेऊन द्या, ही माझ्याहून बुटकी आहे."

दादाने वही उघडली नाही.

ट्रॅक्टर दहा दिवसांनी घरी आला. त्याआधीच्या रविवारी बापूने जुना ट्रॅक्टर काढून सगळं उंच गवत एकदा कापून घेतलं. संध्याकाळी तो खाली उतरला तेव्हा लंगडत होता. पंचेचाळिशीचा धडधाकट माणूस, दिवसभर लोखंडाशी झुंजणारा, आणि त्याचा डावा पाय दुसऱ्या दिवशीही दुखत होता. त्याने तसं कुणाला सांगितलं नाही, पण जिना उतरताना दादाने पाहिलं.

नव्या ट्रॅक्टरने पहिली कापणी वहिनीने शनिवारी दुपारी काढली. वरचा भाग आधी, मग घराच्या बाजूचा. दादा व्हरांड्यात आईशेजारी बसला होता. आवाज जुन्यापेक्षा बारीक होता, एकसुरी. फक्त वळणावर थोडा खाली यायचा आणि पुन्हा चढायचा. कापलेल्या गवताचा ओलसर वास व्हरांड्यापर्यंत येत होता. आईच्या पायांवर शाल होती. गेले दहा दिवस दादा हे बोलणं मनात घोळवत होता, आणि आता बोलला तेव्हा ते ठरवल्यापेक्षा फारच लहान निघालं.

"आई, तू मला तेव्हा जोर लावून का नाही सांगितलंस?"

आई शेताकडेच बघत होती. "सांगितलं होतं की. तीनदा."

"मी नाही म्हटलं नव्हतं गं."

"तेच तर," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. हिशेब चुकता करायचाय असंही नव्हतं. शेजारच्या माणसाला रस्ता समजावून सांगावा तसं ती सांगत होती. "तू नाही म्हणाला असतास ना, तर बरं झालं असतं. मी भांडले असते तुझ्याशी. नाहीतर बापूला म्हटलं असतं, त्याने कुठून तरी जुनापाना का होईना, आणला असता. पण तू नाही म्हणालाच नाहीस कधी. बघू म्हणालास. आणि मग मी थांबले. कुणी बघू म्हटलं की माणूस थांबतो रे. मला वाटायचं, हा बघतोय."

व्हरांड्याच्या फरशीवर एक मुंगळा चालला होता, दादा त्याच्याकडे बघत राहिला.

"चुकलं माझं," शेवटी तो म्हणाला.

"हो," आई म्हणाली. "चुकलं."

तिने त्यावर फुंकर घातली नाही, आणि मीठही चोळलं नाही. जे होतं ते तिने तिथे तसंच ठेवलं. मग हाताने शाल सारखी करत म्हणाली, "आता ती खालच्या अंगाला उतरेल. तिथे तिला एकटीला सोडू नकोस. ओढ्याकडे दरड खचलीये, वरून दिसत नाही. जा, तू कडेला उभा राहा."

तो उठला आणि गेला. खालच्या तुकड्याच्या कडेला, जिथे जमीन ओढ्याकडे कलते, तिथे तो जाऊन उभा राहिला. वहिनीने त्याला पाहिलं, कशाला आलात म्हणून हाताने खूण केली. त्याने खचलेल्या दरडीकडे बोट दाखवलं. तिने मान हलवली. प्रत्येक रांगेच्या शेवटी ती त्याच्याजवळ येई, त्याच्यावरून अंदाज घेऊन वळे, आणि परत वर जाई. त्याने हात आडवा धरला की तिथून मागे. त्याखेरीज त्याच्याकडून कसली मदत होण्यासारखी नव्हती. तासभराहून जास्त तो तसा उभा होता. पाय भरून आले, मोज्यांत गवताची कुसळं शिरली, पण तो हलला नाही. मधे एकदा त्याने वर घराकडे पाहिलं. व्हरांड्यातली खुर्ची रिकामी होती. आई आत जाऊन पडली असावी. आताशा ती फार वेळ बसू शकत नसे.

ऊन उतरलं तेव्हा वहिनीने घराजवळच्या टोकाला ट्रॅक्टर उभा केला आणि इंजिन बंद केलं. कपाळ पुसलं, पाण्याची बाटली काढली. दादा चढ चढून तिच्यापर्यंत आला. एकदम शांत झाल्यामुळे दोघांनाही कानात दडे बसल्यासारखं वाटत होतं.

"झालं?" त्याने विचारलं.

ती उत्तर देणार तेवढ्यात आईच्या खोलीच्या खिडकीतून आवाज आला. खिडकीला पडदा होता आणि पलंग पलीकडच्या भिंतीला होता; तिथून शेत दिसत नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

"बंद का केला गं?" आई म्हणत होती. "खालच्या तुकड्याला त्रेचाळीस रांगा होतात. एक्केचाळीसच झाल्यात. अजून दोन राहिल्या."

वहिनीने दादाकडे बघायचं टाळलं. तिने बाटलीचं झाकण लावलं, किल्ली फिरवली आणि पुन्हा खाली निघाली. दादा खिडकीखाली तसाच उभा राहिला. आत जावं असं त्याला वाटत होतं, पण आई वळणांच्या आवाजावरून रांगा मोजत होती, आणि मोजून होईपर्यंत तिला मधे थांबवायला त्याचं मन धजेना.